‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ ही आज्ञा नाशिकमध्ये राहून कशी पाळावी?

प्रश्न : सातपूरचा वाचक

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबात वाढलो असून सध्या सातपूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. आमच्या मंडळीत अलीकडेच मत्तयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील शेवटच्या वचनांवर उपदेश झाला. पुनरुत्थित प्रभूने गालीलातील डोंगरावर अकरा शिष्यांना ‘तुम्ही जाऊन सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ असे जे सांगितले, ते त्या अकरा जणांपुरते नसून प्रत्येक विश्वासणाऱ्याला लागू आहे, असे वक्त्यांनी समजावून सांगितले. एवढे मला मनापासून पटले. त्यानंतर मात्र, प्रत्येक कुटुंबाने येत्या वर्षभरात निदान एक नवे कुटुंब उपासनेला आणावे, असे आवाहन करण्यात आले आणि तेव्हापासून माझे मन स्वस्थ नाही.

ज्या लोकांबरोबर माझा दिवसाचा बहुतेक वेळ जातो, त्यांच्यात माझ्याशिवाय ख्रिस्ती कोणी नाही. त्यांतील एक ज्येष्ठ सहकारी दर वर्षी संत निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला पायी जातात. त्यांची भक्ती खरी आहे आणि माझ्यावरचा त्यांचा लोभही खरा आहे. दुसऱ्याला आपल्या धर्मात आणणे हे तुमच्याकडे कर्तव्यच मानतात का, असे त्यांनी मला एकदा सरळ विचारले. त्या प्रश्नात कडवटपणा नव्हता, त्यामुळे त्याचे उत्तरही तितकेच सरळ असायला हवे.

म्हणून जाणकारांना माझी विनंती आहे. नोकरी-संसार करणाऱ्या सामान्य माणसावर ही आज्ञा नेमकी किती बंधनकारक आहे? नेकीने वागणे आणि कोणी विचारल्याखेरीज न बोलणे एवढ्याने ती पाळली जाते का? आणि जिथे रामकुंड, काळाराम, तपोवन ही केवळ स्थळे नसून लोकांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहेत, अशा शहरात कोणाचेही मन न दुखावता येशूविषयी बोलता येते का? कायदा काय सांगतो, हेही कोणी स्पष्ट केले तर बरे होईल.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

आपण ज्या वचनाचा उल्लेख केला आहे ते अर्धेच वाचले जाते, असा माझा अनुभव आहे. शिष्य करा आणि बाप्तिस्मा द्या, या दोन गोष्टींवर भर दिला जातो. पण ‘जे काही मी तुम्हांला आज्ञापिले ते सर्व त्यांना पाळण्यास शिकवा’ हे पुढचे वाक्य त्याच श्वासात आलेले आहे. प्रभूने काय आज्ञापिले, हे पाहायचे तर डोंगरावरील प्रवचनाकडे जावे लागते : शत्रूवर प्रीती करा, दान गुप्तपणे करा, लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे तुम्हांला वाटते तसेच तुम्हीही त्यांच्याशी वागा. जो हे स्वतः शिकत नाही, तो दुसऱ्याला ते पाळायला शिकवू शकत नाही. म्हणून आज्ञा सर्वांना बंधनकारक आहे, आणि ती पाळण्याची सुरुवात स्वतःपासून होते.

तरीही केवळ चांगल्या वर्तनाने ती पूर्ण होते, असे मी म्हणणार नाही. ‘घोषणा करणाऱ्यावाचून ते कसे ऐकतील?’ असा पौलाचा प्रश्न रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. आपले सद्वर्तन पाहून लोक आपल्याला चांगले म्हणतील, पण येशूचे नाव त्यांना त्यातून आपोआप कळणार नाही. ज्याच्यामुळे आपण उभे आहोत, त्याच्याविषयी जिवलग माणसाजवळही कधीच बोलायचे नाही, हे मला प्रेमाचे लक्षण वाटत नाही.

कसे बोलावे, याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याशी नाते असलेल्या एका घरात सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे शिक्षण नाशिकला झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा. टिळकांच्या हाती नवा करार आला तो कोणत्या मोठ्या सभेत नव्हे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ त्यांच्या शेजारी होते. त्यांनी टिळकांशी काव्याविषयी गप्पा केल्या, मग धर्माविषयी बोलणे निघाले आणि शेवटी त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. तो प्रवासी कोण होता, हे पुढे कळले नाही. आपल्या त्या संभाषणातून मराठीला केवढा भक्तकवी मिळाला, हे त्या गृहस्थांना कळलेही नसेल. साक्ष देणाऱ्याला फळ पाहायला मिळेलच असे नाही, आणि त्याने त्याचा हिशेब ठेवण्याचे कारणही नाही.

त्याच घरातला दुसरा धडा मला त्याहून मोलाचा वाटतो. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. त्या माहेरच्या माणसांत राहिल्या, पतीपासून काही काळ दुरावल्या आणि पुन्हा एकत्र आल्यावरही आपले सोवळे सांभाळून राहिल्या. टिळकांनी त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले. जातिभेद देवाने नव्हे तर माणसाने केला, हा विचार राहुरीला असताना लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांचा त्यांनाच उगवला आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पतीने पत्नीवर हुकूम चालवणे ज्या काळात स्वाभाविक मानले जाई, त्या काळात टिळक थांबले. वर्षभरात एक कुटुंब आणण्याच्या आवाहनाविषयी माझे मत यातच आले. माणूस देवाकडे कधी वळेल, याची मुदत ठरवणे हे मंडळीचे काम नव्हे.

उत्तर : वारकरी वाचक, त्र्यंबकेश्वर

मी ख्रिस्ती नाही, तरी येथील चर्चा नेहमी वाचतो. प्रश्नकर्त्यांच्या सहकाऱ्याच्या जागी मी असू शकतो, म्हणून लिहीत आहे.

आमच्या मनात जी शंका असते ती आपण समजून घ्यावी. आपल्या श्रद्धेविषयी कोणी प्रेमाने बोलले तर आम्हांला राग येत नाही. आम्हीही कीर्तनाला शेजाऱ्यांना बोलावतोच. दुखते ते वेगळेच. वर्षानुवर्षांची मैत्री केवळ मला बदलण्यासाठी जोपासली होती, असे कळले तर त्या मैत्रीतला प्रत्येक घास कडू होतो. आजारपणात केलेली मदत, मुलाच्या फीसाठी दिलेले पैसे, यांच्यामागे हेतू होता असे वाटू लागते. दुसरी गोष्ट अशी की, तुकोबा-ज्ञानोबांना अंधारातले म्हणून पुढचे बोलणे सुरू होणार असेल, तर माझ्यासारखा माणूस तिथेच कान मिटून घेतो. या दोन गोष्टींवर आपल्यापैकी कोणी मोकळेपणाने लिहावे.

उत्तर : पाळक, इगतपुरी परिसर

माऊली, आपण स्पष्ट लिहिले याबद्दल आभार. आपली पहिली शंका प्रभूच्याच शब्दांत मांडता येते. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात, एक मतानुसारी, म्हणजे आपल्या मताचा अनुयायी, मिळवण्यासाठी समुद्र व भूमी पालथी घालणाऱ्या शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहूदी धर्मपुढाऱ्यांना, येशूने अतिशय कठोर शब्द ऐकवले आहेत. संख्या वाढवण्यासाठी केलेली धावपळ आणि माणसावरची प्रीती या दोन गोष्टी त्याने कधी एक मानल्या नाहीत. श्रीमंत तरुणाला सर्वस्व सोडायला सांगण्याआधी येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे मार्क लिहितो, आणि मग तो तरुण खिन्न होऊन निघून गेला. त्याच्यामागे धावून अटी सौम्य केल्या नाहीत आणि त्याला अडवलेही नाही. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यांतला एकच आभार मानायला परत आला. म्हणून उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले गेले नाही. मदत ही मदत म्हणूनच पूर्ण असली पाहिजे. समोरचा माणूस आयुष्यभर वारकरी राहणार असेल, तरीही त्याच्या मुलाची फी आपण तितक्याच आनंदाने भरू का, हा प्रश्न प्रत्येक ख्रिस्ती माणसाने पैसे देण्याआधी स्वतःला विचारावा.

आपल्या दुसऱ्या शंकेविषयी मला अथेन्समधील पौल आठवतो. मूर्तींनी भरलेले ते शहर पाहून त्याचा जीव तळमळला, हे प्रेषितांची कृत्ये लपवत नाही. पण बोलायला उभा राहिल्यावर त्याने त्यांच्याच एका वेदीचा आदराने उल्लेख केला, त्यांच्याच कवींची ओळ उद्धृत केली आणि मग पुनरुत्थानाविषयी निःसंकोचपणे सांगितले. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत असत, आणि आमच्या उपासनेत आजही त्यांची पदे टाळ-मृदंगावर म्हटली जातात. ज्या संतांनी आम्हांला देवाला हाक मारायला शिकवले, त्यांना कमी लेखून आमच्या प्रभूचे मोठेपण वाढत नाही. तरीही मी हे दडवणार नाही की, येशू हाच तारणारा आहे असा आमचा विश्वास आहे. तो विश्वास पातळ करून सांगणे म्हणजे आपल्याशी अप्रामाणिकपणा ठरेल. आपण त्याच्याशी सहमत व्हावे, अशी मात्र मैत्रीची अट नाही.

आता कायद्याविषयी. संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येक व्यक्तीला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा अधिकार आहे. ‘प्रसार’ या शब्दावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बरीच चर्चा झाली. तो वगळावा असे म्हणणारे सदस्य होते, तरी तो कायम ठेवण्यात आला. पुढे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा प्रसार असला तरी दुसऱ्या व्यक्तीचे धर्मांतर करण्याचा मूलभूत अधिकार त्यातून मिळत नाही. या निर्णयावर कायदेपंडितांनी टीका केली आहे, ती मला ठाऊक आहे. पण एका पाळकाच्या दृष्टीने पाहता, हृदयपालट करणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे आणि आमचे काम सांगण्यापुरते आहे, ही गोष्ट आम्ही न्यायालयाच्या आधीपासून मानत आलो आहोत.

आमच्या भागात एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो. आजाऱ्यासाठी प्रार्थना मागायला कोणी आले तर मी प्रार्थना करतो आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायलाही सांगतो. गोळ्या बंद करा, विश्वास पुरेसा आहे, असे सांगणारे काही जण गावोगाव फिरतात. ते सुवार्तेचे नाव घेतात, पण क्षयरोग्याचे औषध मध्येच थांबवल्याने काय होते ते घरच्यांना भोगावे लागते. अशा लोकांना आपणच मंडळीतून जाहीरपणे रोखले पाहिजे.

उत्तर : शरणपूरचा रहिवासी

सर्व राष्ट्रे म्हटले की परदेशातून कोणी तरी इकडे येतो असेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. नाशिकच्या बाबतीत उलट दिशेनेही माणसे गेली आहेत, हे इथल्या तरुणांना सांगितले जात नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशिकला १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर शरणपूर ही वसाहत वसवली. आज शरणपूर रोडवरून जाताना वाहनांच्या गर्दीत कोणाला खरे वाटणार नाही, पण इथे आफ्रिकेतील मुलामुलींसाठी एक आश्रयस्थान होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेली जाणारी ही मुले ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांतून सोडवून मुंबईला आणलेली होती. त्यांच्या घरांचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. शरणपूरला त्यांना लिहिणे-वाचणे शिकवले गेले आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे धंदेही.

यांतील काही जण आफ्रिकेत फिरलेले मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्याबरोबर होते. मे १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरला शिकलेल्या जेकब वेनराइट या तरुणाने, आणि त्या झाडावर नाव व तारीख कोरली तीही त्यानेच. मग त्या सोबत्यांनी तो देह महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाऊन ही वस्ती उभी करायला प्राइस गेले आणि शरणपूरला वाढलेले बरेच आफ्रिकी विश्वासणारेही त्या कामात होते. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे त्याआधीच तिकडे सुवार्तेचे काम करीत होते. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्या दोघांना धर्मसेवेची दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, आणि त्या मोहिमेतील वाचलेल्या माणसांना किनाऱ्यापर्यंत परत आणले ते जोन्स यांनी.

मी हे अभिमान मिरवण्यासाठी लिहीत नाही. त्या मुलांना शरणपूरला आणताना कोणी त्यांची इच्छा विचारली नव्हती, साम्राज्याची सावली या सर्व इतिहासावर आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण मोठे झाल्यावर, ज्या भूमीने आपल्याला विकले त्या भूमीकडे ते परत गेले आणि तिथल्या पळून आलेल्या गुलामांना जवळ करू लागले. ही आज्ञा गोऱ्या लोकांनी इतरांना देण्याची वस्तू आहे, असे म्हणणाऱ्याला जोन्स आणि सेमलर यांची आयुष्ये दाखवावीत.

उत्तर : परिचारिका, मूळ गाव सुरगाणा तालुका

वरील सर्व वडीलधाऱ्यांचे लेखन मन लावून वाचले. पाळकसाहेबांनी औषधांविषयी जे लिहिले त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. दवाखान्यात उशिरा पोचलेली माणसे मी पाहते.

मी कोकणा समाजातील आहे आणि माझ्या आईवडिलांनी माझ्या लहानपणी प्रभूला स्वीकारले. शहरातील चर्चेत आमचा उल्लेख ‘भोळे आदिवासी’ असाच होतो : एका बाजूचे म्हणतात की आम्हांला फसवले गेले, दुसऱ्या बाजूचे म्हणतात की आमच्यामुळे त्यांची संख्या वाढली. माझ्या वडिलांनी मात्र निर्णय घेण्याआधी मार्काचे शुभवर्तमान दोन पावसाळे वाचले होते. त्यांना वाचायला वेळ लागे, ओळीवर बोट ठेवून ते एकेक शब्द जुळवत. भूतबाधेची भीती गेली आणि दारू सुटली, हे ते कारण सांगतात. ज्या जिल्ह्यात १९३५ साली येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला, त्या जिल्ह्यात तरी गरीब माणसालाही स्वतःच्या श्रद्धेविषयी विचार करता येतो, हे वेगळे सिद्ध करायला लागू नये.

मला दुसरेच दुखते. आमच्याकडे बाहेरून आलेल्या काही प्रचारकांनी नव्या विश्वासणाऱ्यांना पावरी वाजवायला मनाई केली, कारण ती डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते. लग्नात नाचू नका, भावकीच्या घरी जेवू नका, असेही सांगितले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेममध्ये सभा भरली ती याच प्रश्नावर. परराष्ट्रीयांनी ख्रिस्ताकडे येण्यासाठी आधी यहूदी व्हावे का, असा वाद होता, आणि त्यांच्यावर सुंता व मोशेच्या नियमशास्त्राचे जू लादू नये असे ठरले. मूर्तींना वाहिलेले खाऊ नये, हेही तिथेच ठरले, आणि ते आम्ही पाळतो. पण वाळवलेल्या भोपळ्याचे आणि बांबूचे वाद्य कोणाची पूजा करते? आमच्या मंडळीत आता कापणीच्या उपकारस्तुतीला नागलीच्या कणसांच्या जुड्या वेदीसमोर ठेवतात, आणि माझा चुलतभाऊ उपासनेत पावरी वाजवतो. ती ऐकून न-ख्रिस्ती भावकीतली माणसेही ओट्यावर येऊन बसतात. त्यांना कोणी आत या म्हणून ओढत नाही आणि बाहेर जा असेही म्हणत नाही.

सातपूरच्या दादांना माझी एक व्यावहारिक सूचना आहे. द्राक्षबागांच्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात आमच्याकडची मजूर कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे उतरतात आणि त्यांची लेकरे बांधावर झोळीत किंवा मोठ्या बहिणीच्या काखेत दिवस काढतात. शहरातील मंडळ्यांनी त्या दिवसांत या मुलांच्या लसीकरणाचे कार्ड तपासायला, जवळच्या शाळेत त्यांची नावे घालायला हात दिला तर फार मोठे काम होईल. ही कामे करताना पत्रके वाटू नयेत आणि मुलांचे प्रार्थना करतानाचे फोटो तर मुळीच काढू नयेत. त्या लोकांपैकी एखादी बाई संध्याकाळी स्वतःहून विचारील की तुम्ही हे का करता. तेव्हा पेत्राच्या पहिल्या पत्रातील सूचना उपयोगी पडेल : आपल्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या. उत्तर तिला समजेल अशा बोलीत द्यावे. यासाठी आमच्या भागातील, कोकणा बोलणारे एकदोन जण बरोबर हवे असतील तर दसऱ्याच्या आधी येथेच कळवावे. आमच्या मंडळीतील तरुण यायला तयार आहेत.